सर्व्हरच्या लॉगची बखर: कीबोर्ड मॅक्रो पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी

माइनक्राफ्टचा छोटा सर्व्हर चालवणाऱ्या कुणाच्याही 'लॉग्ज' फोल्डरमध्ये डोकावून बघा. शेकडो फाइली साठलेल्या असतात आणि त्यातली एकही मालकानं धड वाचलेली नसते. वाचणार तरी कशी? मित्रांच्या गप्पा, कुणी कुठे कसा मेला, कोण किती वाजता आला, हे सगळं त्यात असतं खरं, पण प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला यंत्राची बडबड आणि मधूनमधून एररच्या लांबलचक माळा. आमच्या गटाच्या दोन वर्षांच्या खेळाची बखर लिहायची टूम निघाली आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. पहिली फाइल हातानं साफ करायला पूर्ण संध्याकाळ गेली. दुसरी करताना मनगट बोलायला लागलं, तेव्हा मॅक्रो शिकलो. शिकताना ज्या खड्ड्यांत पडलो ते तुम्हाला आधीच दाखवावेत म्हणून हा लेख.

एक खुलासा आधी. इथला मॅक्रो म्हणजे एडिटरमधला मॅक्रो: तुम्ही दाबलेली बटणं एडिटर लक्षात ठेवतो आणि सांगाल तितक्या वेळा तशीच दाबतो. खेळ चालू असताना आपोआप क्लिक करणारे मॅक्रो ही वेगळी गोष्ट. ते बऱ्याच सर्व्हरवर चालत नाहीत आणि त्यांच्याबद्दल इथे काही नाही.

अजून एक. मेन्यूंची नावं आणि लॉगमधला मजकूर मी देवनागरीत लिहिलाय. तुमच्या पडद्यावर तो रोमन लिपीत दिसेल.

काय काय लागेल

- नोटपॅड प्लस प्लस. फुकट आहे, २००३ पासून आहे, विंडोजवर चालतो. विंडोजबरोबर येणाऱ्या साध्या नोटपॅडमध्ये मॅक्रो नोंदवता येत नाही, त्यामुळे तो बाद. मॅक किंवा लिनक्स असेल तर शेवटून दुसरी पायरी आधी वाचा.
- दाबून ठेवलेल्या (म्हणजे कंप्रेस केलेल्या) जुन्या लॉग उघडायला सेव्हन-झिप किंवा तसंच काहीतरी.
- मूळ लॉगची नक्कल. मूळ लॉग नव्हे, नक्कल.
- पहिल्या वेळेला साधारण तासभर. पुढच्या प्रत्येक फाइलीला चार-पाच मिनिटं पुरतात.

१. फाइली गोळा करा आणि तारीख लिहून ठेवा

सर्व्हरच्या लॉग सर्व्हरच्या फोल्डरमध्येच 'लॉग्ज' नावाच्या फोल्डरात असतात. तुमच्या स्वतःच्या संगणकावरच्या हव्या असतील तर लाँचरमधल्या 'इन्स्टॉलेशन्स' भागात जाऊन फोल्डरचं चिन्ह दाबा. खेळाचं फोल्डर उघडेल, त्यातही 'लॉग्ज' आहे.

चालू फाइलीचं नाव 'लेटेस्ट' असतं. खेळ किंवा सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ती दाबून ठेवली जाते आणि तिला तारीख व क्रमांक असं नाव मिळतं. सर्व्हर चालू असताना 'लेटेस्ट' उघडून त्यात खुडबुड करू नका. तो तिच्यात लिहितच असतो. नक्कल काढा आणि नकलेवर काम करा.

आता पहिला सापळा. ओळीत वेळ असते, तारीख नसते. तारीख फक्त फाइलीच्या नावात. उत्साहाच्या भरात सगळ्या फाइली एकीला एक जोडल्यात, तर मंगळवारचे साडेनऊ आणि शुक्रवारचे साडेनऊ यांत काही फरक उरत नाही. मी सतरा फाइली अशा जोडल्या होत्या आणि मग परत सतरा वेगळ्या करत बसलो. म्हणून एकेक फाइल वेगळी साफ करा. जोडायची ती सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही प्रत्येकीच्या माथ्यावर तारीख लिहून.

२. आधी ओळी चाळा, मॅक्रो नंतर

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे कच्च्या फाइलीवर थेट मॅक्रो सोडणं. मॅक्रो हा पक्का सांगकाम्या आहे. समोरची ओळ गप्पांची आहे की एररची, हे त्याला कळत नाही. म्हणून सगळ्या ओळी आधी एका साच्यातल्या करून घ्यायच्या.

कच्ची फाइल साधारण अशी दिसते:

[२१:०४:१७] [सर्व्हर थ्रेड/इन्फो]: बोका जॉइन्ड द गेम
[२१:०४:५२] [सर्व्हर थ्रेड/इन्फो]: <बोका> कोळसा कुठाय
[२१:०५:०३] [सर्व्हर थ्रेड/वॉर्न]: कान्ट कीप अप! इज द सर्व्हर ओव्हरलोडेड?
[२१:०५:०९] [सर्व्हर थ्रेड/इन्फो]: <घुबड> पेटीत बघ
[२१:०६:४०] [सर्व्हर थ्रेड/इन्फो]: बोका ट्राइड टू स्विम इन लाव्हा

आपल्याला आधी फक्त गप्पांच्या ओळी हव्यात. त्यांची खूण म्हणजे नावाभोवतीचे टोकदार कंस. मात्र नुसतं < शोधून भागत नाही, कारण जावाच्या एररच्या माळेतही हे कंस येतात. माझ्या बखरीत पहिल्या वेळी अशा तीसेक ओळी घुसल्या होत्या. त्यामुळे खूण जरा नेमकी द्यायची.

'सर्च' मेन्यूतलं 'मार्क' उघडा. 'सर्च मोड'मध्ये 'रेग्युलर एक्स्प्रेशन' निवडा आणि शोधायच्या खणात हे लिहा:

^\[.*\]:? <

याचा अर्थ असा: ओळ चौकटी कंसानं सुरू व्हावी, पुढे कुठेतरी चौकटी कंस बंद व्हावा, त्यानंतर असलंच तर विसर्ग-चिन्ह (म्हणजे कीबोर्डवरचा कोलन), मग एक मोकळी जागा आणि मग <. एररच्या माळा चौकटी कंसानं सुरू होत नाहीत, त्या आपोआप गळतात. त्याच खिडकीत टिंबानं नवी ओळ धरायचा जो पर्याय असतो तो बंद आहे ना, ते बघा. तो चालू राहिला तर अख्खी फाइल एकच ओळ समजली जाते.

'बुकमार्क लाइन'वर टिचकी द्या आणि 'मार्क ऑल' दाबा. खिडकीच्या तळाशी किती सापडल्या तो आकडा येतो. तो कागदावर लिहून ठेवा, शेवटी कामाला येईल. मग 'सर्च', त्यात 'बुकमार्क', त्यात खुणा नसलेल्या ओळी काढून टाकायचा पर्याय. नव्या आवृत्तीत तो 'रिमूव्ह नॉन-बुकमार्क्ड लाइन्स' नावानं आहे, जुन्यात 'अनमार्क्ड' असा शब्द होता.

फाइल एकदम लहान होते. इथे बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो. येऊ द्या, नक्कल आहे.

मेल्याच्या, आल्या-गेल्याच्या ओळीही हव्या असतील तर त्यांच्यासाठी दुसरी नक्कल घ्या आणि त्यांचं वेगळं पाहू (सहावी पायरी). दोन्ही जातीच्या ओळी एकाच मॅक्रोत कोंबू नका.

जाता जाता: डिसेंबर २०२१ च्या लॉगमध्ये डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंस असलेल्या विचित्र गप्पा दिसल्या तर दचकू नका. लॉग लिहिणाऱ्या 'लॉगफोरजे' या घटकात तेव्हा मोठं भगदाड सापडलं होतं आणि माइनक्राफ्टच्या गप्पांत एक ओळ टाकून त्याचा फायदा घेता येत होता. एडिटरमध्ये ती ओळ नुसती वाचण्यात काही धोका नाही. सर्व्हर मात्र अजून त्याच काळातल्या आवृत्तीवर चालत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी तो अद्ययावत करा.

३. एडिटरला शिस्त लावा

नोंद सुरू करण्याआधी तीन गोष्टी तपासा. तिन्हीनं मला एकेकदा रडवलंय.

'व्ह्यू' मेन्यूतलं 'वर्ड रॅप' बंद करा. ते चालू असेल तर लांब ओळ पडद्यावर दोन-तीन ओळींत मोडते, आणि होम, एंड, डाउन ॲरो ही बटणं त्या दिसणाऱ्या तुकड्यांवर चालतात, खऱ्या ओळीवर नाही. लहान ओळींवर मॅक्रो चोख चालतो आणि पहिल्याच लांबलचक गप्पेला फाइलीची माती होते.

शोधायच्या खिडकीतलं 'रॅप अराउंड' बंद करा. ते चालू असेल तर खाली काही सापडलं नाही की शोध फाइलीच्या वरच्या टोकाला जातो, आणि मॅक्रो साफ झालेल्या ओळी पुन्हा साफ करायला घेतो. त्याच खिडकीत 'सर्च मोड' परत 'नॉर्मल'वर आणा, आणि उलट दिशेनं शोधायचा पर्याय चालू नाही ना ते बघा.

तिसरं, 'एन्कोडिंग'. गप्पा देवनागरीत झाल्या असतील आणि अक्षरांऐवजी विचित्र चिन्हं दिसत असतील तर त्या मेन्यूतून यूटीएफ-८ निवडून बघा, बहुतेक वेळा सुटतं. पण अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर ती लॉग लिहितानाच गेली. कुठलाही मेन्यू ती परत आणणार नाही.

४. मॅक्रो नोंदवा

या कामाचा सगळा जीव इथे आहे, म्हणून सावकाश जाऊ.

माझा पहिला मॅक्रो मोजणीचा होता. वेळेनंतर नावापर्यंत किती चिन्हं आहेत ती मोजली आणि तितक्या वेळा डिलीट दाबलं. पहिल्या शंभरेक ओळी सुरेख झाल्या. पुढे सर्व्हरची आवृत्ती बदलली होती. २०२२ मधल्या १.१९ मालिकेपासून सही नसलेल्या गप्पांपुढे 'नॉट सिक्युअर' असा चौकटी कंसातला शेरा यायला लागला. शेऱ्यामुळे ओळीचा आधीचा भाग वाढला, माझी मोजणी मात्र तेवढीच राहिली. तिथून पुढे प्रत्येक ओळीत अर्धवट शेऱ्याचं शेपूट लोंबत राहिलं. काही सर्व्हरवर गप्पांच्या ओळींत थ्रेडचं नावही वेगळं असतं, तिथेही हीच गत.

गप्पांच्या मजकुरात मोजणी तर आणखी फसवी. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण फाइलीत ते चार चिन्हांचं आहे: क, हलन्त, ष आणि वेलांटी. 'पाच अक्षरं पुढे' म्हणजे नेमकं कुठे, हे आपल्याला दिसतं एक आणि एडिटर समजतो दुसरंच.

म्हणून मॅक्रोला पावलं मोजून द्यायची नाहीत, खुणा द्यायच्या. पत्ता सांगताना आपण 'दोनशे बारा पावलं चाला' म्हणत नाही, 'वडापाशी वळा' म्हणतो, तसं. आपल्या ओळीत दोन खात्रीचे वड आहेत: पहिला < आणि त्यानंतरचा पहिला >. मोजायचं फक्त घड्याळ, कारण तास-मिनिटं-सेकंद नेहमी आठच चिन्हांत बसतात.

कर्सर पहिल्या ओळीच्या अगदी सुरुवातीला ठेवा. 'मॅक्रो' मेन्यूतून 'स्टार्ट रेकॉर्डिंग'. आता माउसला हात लावून मजकुरात कुठेही टिचकी मारायची नाही. माउसनं कर्सर हलवलात तर ते नोंदलं जात नाही आणि मॅक्रो त्या जागी आंधळा होतो.

(अ) कंट्रोल आणि एफ दाबून शोधायची खिडकी उघडा, < लिहा, 'फाइंड नेक्स्ट' दाबा, मग एस्केप. पहिला < निवडलेला दिसेल.

(आ) एंटर. निवडलेलं चिन्ह जाऊन तिथे ओळ तुटते:

[२१:०४:५२] [सर्व्हर थ्रेड/इन्फो]:
बोका> कोळसा कुठाय

ही युक्ती सापडली तेव्हा मी एकटाच हसलो होतो. ओळ जोडायचीच आहे, मग आधी तोडायची कशाला? कारण तुटल्यावर नकोसा भाग बरोबर ओळीच्या शेवटाशी येतो, आणि 'ओळीचा शेवट' ही खूण कधीच हुकत नाही. मधला मजकूर वीस चिन्हांचा असो की साठ, शेरा असो नसो, काही फरक पडत नाही.

(इ) अप ॲरो, होम, डिलीट. आधीचा चौकटी कंस गेला.

(ई) राइट ॲरो आठ वेळा. कर्सर घड्याळाच्या लगेच पुढे आला. इथे घाई करून बटण दाबून धरू नका, एकेक मोजून दाबा.

(उ) शिफ्ट धरून एंड, मग डिलीट. वरच्या ओळीत फक्त वेळ उरली.

(ऊ) स्पेस एकदा, डिलीट एकदा. खालची ओळ वर येऊन जोडली:

२१:०४:५२ बोका> कोळसा कुठाय

(ए) पुन्हा शोधायची खिडकी, या वेळी >, 'फाइंड नेक्स्ट', एस्केप. निवडलेल्या > वर थेट : टाइप करा.

(ऐ) डाउन ॲरो, होम.

आता 'मॅक्रो' मेन्यूतून 'स्टॉप रेकॉर्डिंग'. तुमच्या फाइलीत पहिली ओळ अशी झालेली असेल:

२१:०४:५२ बोका: कोळसा कुठाय

शेवटची (ऐ) विसरू नका. मॅक्रो जिथे सुरू झाला अगदी तशाच जागी, पण एक ओळ खाली संपायला हवा. सुरुवात ओळीच्या डोक्यावर झाली तर शेवटही पुढच्या ओळीच्या डोक्यावर. खाली सरकणं राहिलं आणि तुम्ही 'पाचशे वेळा चालव' म्हणालात, तर तो पाचशे वेळा भलतंच काहीतरी चिरत बसेल.

नोंद चालू असताना चुकीचं बटण दाबलं गेलं तर सुधारत बसू नका. चूकही नोंदली जाते आणि तिची दुरुस्तीही, पुढे प्रत्येक ओळीवर दोन्ही घडतात. थांबवा, कंट्रोल-झेडनं मागे जा, पुन्हा नोंदवा. माझा तिसऱ्या खेपेला नीट झाला. पहिल्याच खेपेला जमलं तर तुमचा हात माझ्यापेक्षा शांत आहे.

५. एक, मग पाच, मग सगळ्या

कंट्रोल, शिफ्ट आणि पी: मॅक्रो एकदा चालतो. दुसरी ओळ नीट झाली का, ते वाचा. नजर फिरवू नका, खरंच वाचा. मग 'मॅक्रो' मेन्यूतलं 'रन अ मॅक्रो मल्टिपल टाइम्स' उघडा आणि पाच वेळा चालवा. पाचही बघा.

सगळं ठीक वाटलं की 'मॅक्रो' मेन्यूतून 'सेव्ह करंट रेकॉर्डेड मॅक्रो' करून त्याला नाव द्या. नाव असं द्या की सहा महिन्यांनी कळेल. 'मॅक्रो१' नावाचे चार मॅक्रो माझ्याकडे होते. कुठला काय करतो, हे चालवल्याशिवाय कळत नव्हतं, आणि चालवल्यावर कळून काही उपयोग नसायचा.

मग त्याच खिडकीत 'रन अंटिल द एंड ऑफ फाइल' निवडा आणि सोडा. मोठी फाइल असेल तर खिडकी थोडा वेळ गोठल्यासारखी दिसते. बटणं बडवू नका.

काय बिघडू शकतं ते सांगतो.

फाइलीच्या शेवटी रिकामी ओळ असेल तर तिथे एकटंच : उगवलेलं दिसेल. नोटपॅड प्लस प्लसचा मॅक्रो शोध फसला तरी थांबत नाही, उरलेली बटणं तशीच दाबत जातो. रिकाम्या ओळीवर < सापडला नाही, तरी शेवटी : टाइप व्हायचं ते झालंच. हातानं पुसून टाका.

मध्येच एखादी ओळ कच्चीच राहिली असेल तर समजा की तिच्यात टोकदार कंस नव्हता. मॅक्रोनं पुढच्या ओळीतला कंस उचलला. बहुतेक वेळा कारण दुसऱ्या पायरीत सापडतं.

आणि साफ झालेल्या फाइलीवर मॅक्रो पुन्हा चालवू नका. कंस निघून गेलेले असतात, पण कुणीतरी गप्पांत बाण काढलेला असतो किंवा < आणि ३ जोडून बदाम पाठवलेला असतो. मॅक्रो तो बदाम धरतो आणि तिथेच ओळ तोडतो. आमच्या घुबडाला बदामांची फार सवय.

६. मेलेल्यांच्या ओळी

दुसऱ्या नकलेवर हीच कसरत, जरा कमी मेहनतीची. 'मार्क'मध्ये या वेळी 'नॉर्मल' मोड. हवे ते तुकडे एकामागून एक शोधून बुकमार्क करा: गेममध्ये आला, गेला, लाव्हात पोहायला गेला, उंचावरून पडला, अमक्यानं मारला. दर शोधाला आधीच्या खुणा पुसायचा पर्याय बंद ठेवा, म्हणजे खुणा साचत जातात. गप्पांतही कुणी 'लाव्हा' लिहिलेलं असतं, म्हणून खेळाच्या वाक्यातला लांबसा तुकडा शोधा, नुसता एक शब्द नको. बाकीच्या ओळी उडवा.

या ओळींत टोकदार कंस नाही, म्हणून खूण बदलायची: चौकटी कंस बंद, विसर्ग-चिन्ह, मोकळी जागा, ही तिन्ही मिळून एक. ती शोधून एंटर, पुढे (इ) ते (ऊ) जसंच्या तसं, (ए) गाळायचं, (ऐ) ठेवायचं. वेगळ्या नावानं जतन करा.

मग दोन्ही फाइलींचा मजकूर एकाखाली एक चिकटवा आणि 'एडिट' मेन्यूतल्या 'लाइन ऑपरेशन्स'मधून चढत्या क्रमानं लावा. ओळीची सुरुवात वेळेनं होत असल्यानं गप्पा आणि मरणं आपापल्या जागी येऊन बसतात. 'पेटीत बघ'च्या खालोखाल बोका लाव्हात.

सेकंद आपण का ठेवले, ते आता कळेल. मी पहिल्यांदा वेळ पाच चिन्हांवर कापली होती, तास आणि मिनिटं, दिसायला सुटसुटीत. क्रम लावल्यावर एकाच मिनिटातल्या ओळी नावाच्या वर्णक्रमानं लागल्या आणि उत्तरं प्रश्नांच्या आधी आली. सेकंद नकोच असतील तर क्रम लावून झाल्यावर काढा. त्याला मॅक्रोही नको: ऑल्ट धरून माउसनं उभा पट्टा निवडायचा आणि डिलीट.

७. जिथे मॅक्रो नको

मॅक्रो हातात आला की सगळीकडे तोच चालवावासा वाटतो. तुमच्या संगणकावरच्या लॉगमध्ये रंगांच्या खुणा असू शकतात: § आणि त्यापुढे एक अक्षर किंवा अंक. त्यांच्यासाठी मॅक्रो करत बसू नका. 'रिप्लेस' उघडा, 'रेग्युलर एक्स्प्रेशन' निवडा, वरच्या खणात §. लिहा, खालचा रिकामा ठेवा, 'रिप्लेस ऑल'. झालं.

खरं तर आपण चौथ्या पायरीत केलं तेही एका लांबलचक रेग्युलर एक्स्प्रेशननं होतं, आणि ज्यांना ते येतं ते या लेखाला हसतील. हसू देत. मॅक्रोत प्रत्येक पाऊल डोळ्यांसमोर घडतं, कुठे फसलं ते दिसतं, आणि नवख्या माणसाला दुरुस्त करता येतं.

खेळासाठीच्या कीबोर्डवर मॅक्रोची वेगळी बटणं असतात, ती मात्र या कामाला वापरू नका. ती बटणं एडिटरला नाही, समोर असेल त्या खिडकीला पाठवली जातात. मी एकदा दोनशे फेऱ्या लावून उठलो. मध्येच संदेशांची खिडकी पुढे आली आणि परत आलो तोवर एका गंभीर संभाषणात माझ्या नावानं वीसेक एकटे : गेलेले होते. शिवाय एडिटर जरा मागे पडला की बटणं गळतात. एडिटरच्या आतल्या मॅक्रोला या दोन्ही व्याधी नाहीत.

८. विंडोज नसेल तर

विम असेल तर क्यू आणि ए दाबून नोंद सुरू, क्यूनं बंद, @ आणि ए दाबून चालवायचं. सगळी अक्षरं छोटी. आधी आकडा दिला की तितक्या वेळा चालतो. विमचं मला आवडलेलं म्हणजे ओळ तोडायची कसरत लागत नाही: डी, टी आणि < दाबलं की त्याच ओळीतल्या < पर्यंतचं सगळं जातं. आणि ओळीत < नसेलच तर मॅक्रो तिथे थांबतो, पुढे धिंगाणा घालत नाही.

ईमॅक्समध्ये एफ३ नं सुरू, एफ४ नं बंद, पुन्हा एफ४ नं चालू. कंट्रोल-यू, शून्य, एफ४ असं दिलं की काहीतरी चुकेपर्यंत चालत राहतो. १९७६ मध्ये जन्मलेल्या या एडिटरच्या नावातच मॅक्रो आहे: 'एडिटर मॅक्रोज'चं ते लघुरूप. या दोन्ही एडिटरांत नवखा माणूस पहिले काही दिवस बाहेर कसं पडायचं तेच शोधत असतो, म्हणून मी त्यांना पहिली शिफारस केली नाही.

९. वाटण्याआधी

दुसऱ्या पायरीत लिहून ठेवलेला आकडा काढा. गप्पांच्या साफ फाइलीतल्या ओळी तितक्याच हव्यात. एक-दोन जास्त असतील तर शेवटच्या रिकाम्या ओळी असतील. कमी असतील तर कुठेतरी दोन ओळी चिकटल्यात, शोधा.

सर्व्हरच्या कच्च्या लॉगमध्ये खेळाडू आत आल्याच्या ओळीत त्याच्या नावापुढे त्याचा आयपी पत्ता असतो. आपण निवडलेल्या ओळींत तो येत नाही, पण 'जरा मूळ फाइलच पाठव ना' असं कुणी म्हणालं तर पाठवू नका. गटाच्या बाहेर तर मुळीच नाही.

आणि मूळ फाइली जपून ठेवा, बखर पूर्ण झाल्यावरसुद्धा. शोधायच्या खिडकीत 'काउंट' नावाचं बटण आहे, किती वेळा सापडलं ते सांगतं. बोका आणि लाव्हा यांचं वाक्य त्यात टाकलं तर एकवीस आलं. बोक्यानं साफ नाकारलं. मॅक्रोनं ओळी वाढवल्या असणार, असं त्याचं म्हणणं. मग मूळ फाइली एकेक उघडून त्याच्यासमोर मोजल्या. बावीस निघाल्या. एक ओळ माझ्याकडूनच राहिली होती.